स्वाभिमान वेगळा, मीपणा वेगळा!

अलीकडे एक इंग्रजी शब्द आमच्या वस्त्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. नार्सिसिस्ट. मोबाईलवरच्या रीलमधून तो दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. नवरा नार्सिसिस्ट, सासू नार्सिसिस्ट, ऑफिसातला साहेब नार्सिसिस्ट, आणि पलीकडच्या गटाचा नेता तर हमखास नार्सिसिस्ट! ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्या कपाळावर चिकटवायची एक नवी चिठ्ठी, एवढीच त्या शब्दाची किंमत उरली आहे. पण म्हणून हा विषय शहरी लोकांचे खूळ समजून सोडून देता येणार नाही. या शब्दामागे जो विकार आहे तो घरे मोडतो, मुले खचवतो, संघटना फोडतो. आणि एखाद्या संपूर्ण समूहाच्या डोक्यात शिरला तर दुसऱ्या समूहाच्या झोपड्या जाळतो. आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला तर तो समजून घेण्याची जास्तच गरज आहे. ज्या समाजाने स्वाभिमान मिळवण्यासाठी एवढी किंमत मोजली, त्याला स्वाभिमान कुठे संपतो आणि मीपणा कुठे सुरू होतो हे ओळखता आलेच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

शब्द एका ग्रीक कथेतला आहे. ही कथा रोमन कवी ओव्हिडने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली. नार्सिसस नावाचा देखणा तरुण तळ्याच्या पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहतो, त्यावरच भाळतो, जागचा हलत नाही आणि तिथेच झुरून मरतो. तो मेला तिथे एक फूल उगवले, त्याला आपल्याकडे नर्गिस म्हणतात. एवढी कथा सगळेच सांगतात. पण या कथेत एक बाईही आहे, आणि तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. तिचे नाव एको. एका देवीच्या शापामुळे तिला स्वतःचे बोलणे उरले नव्हते; समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे शब्द तेवढे तिला पुन्हा म्हणता येत. ती नार्सिससवर जीव टाकते, तो तिला झिडकारतो, आणि ती झिजत झिजत नुसता आवाज उरते. इंग्रजीत प्रतिध्वनीला आजही तिचेच नाव आहे. आम्हाला या कथेचे मर्म त्या बाईत दिसते. स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळलेल्याला शेजारी माणूस नको असते, प्रतिध्वनी हवा असतो.

१८९९ साली पॉल नेके या जर्मन डॉक्टरने या कथेवरून विकाराला नाव दिले. १९१४ साली सिग्मंड फ्रॉईडने त्यावर निबंध लिहिला. पुढे १९७० च्या दशकात हाईन्झ कोहूट आणि ऑटो कर्नबर्ग या दोघांनी त्याचा सखोल अभ्यास केला. दोघेही मूळचे व्हिएन्नाचे, आणि दोघांनाही नाझींमुळे देश सोडावा लागला होता. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत ग्रंथात हा एक व्यक्तिमत्त्व विकार म्हणून नोंदवला. त्याच ग्रंथाच्या २०१३ च्या आवृत्तीत त्याची नऊ लक्षणे दिली आहेत. स्वतःच्या थोरवीची अवास्तव कल्पना, यश आणि सत्तेची दिवास्वप्ने, आपण खास आहोत आणि खास माणसांनाच कळतो अशी समजूत, कौतुकाची कधीही न भागणारी भूक, जगाने आपले देणे द्यावे असा हक्क, दुसऱ्याचा वापर करून घेणे, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव नसणे, मत्सर आणि उद्धटपणा. यांतली किमान पाच ठाण मांडून बसलेली असली तरच डॉक्टर त्याला विकार म्हणतात. तेव्हा आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहणारी पोरगी किंवा गॉगल घालून फोटो टाकणारा पोरगा हा रोगी नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे.

दुरून निदान करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. १९६४ साली अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याबद्दल एका मासिकाने मनोविकारतज्ज्ञांची मते मागवली, आणि ज्यांनी त्यांना कधी तपासले नव्हते अशा शेकडो डॉक्टरांनी त्यांना अपात्र ठरवून टाकले. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले. शेवटी १९७३ साली डॉक्टरांच्या संघटनेने नियमच केला की, न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीचे निदान जाहीरपणे सांगायचे नाही. आम्हीही या लेखात कुणा नेत्याला रोगी ठरवणार नाही. वागणूक मात्र सर्वांना दिसते, आणि वागणुकीबद्दल बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आमच्या आयाबायांना हा इंग्रजी शब्द ठाऊक नव्हता. त्या ‘मीपणा’ म्हणत, आणि त्यांना तो बरोबर ओळखताही येई, कारण तो त्यांनीच सोसला होता.

असा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. बाहेर त्याला मान आहे. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनावर आणि स्त्रीमुक्तीवर तो तासभर बोलतो, टाळ्या घेतो. रात्री अकराला घरी येतो तेव्हा ताट गरम लागते. बायको दिवसभर अंगणवाडीत उभी असते, पण तिने विचारायचे ते एवढेच, “भाषण कसं झालं?” तिने विचारले नाही तर तीन दिवस अबोला. विचारले आणि एखादी सूचना केली, तर “तुला काय कळतं त्यातलं?” लग्नाच्या आधी हाच माणूस तिला सांगत होता की, तुझ्यासारखी दुसरी नाही. चार महिन्यांत तिच्यासारखी अडाणी दुसरी नाही असे झाले. आदल्या रात्री शिवी दिली, आणि सकाळी ती विषय काढते तर, “मी असं बोललोच नाही, तुझ्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे!” हे इतक्यांदा होते की तिलाच वाटू लागते, खरेच आपले काहीतरी बिघडले असेल. या प्रकाराला इंग्रजीत गॅसलाईटिंग म्हणतात. १९३८ सालच्या एका इंग्रजी नाटकावरून हा शब्द आला. त्यात नवरा बायकोला वेड्यात काढतो, आणि घरातल्या गॅसबत्तीचा कमी होणारा उजेड तिला दिसत असतो.

असल्या घरात मुलांचे कान तीक्ष्ण होतात. फाटकाशी मोटारसायकल कशी थांबली, स्टँड कसा आपटला, यावरून आजची संध्याकाळ कशी जाणार ते त्यांना कळते. मुलांपैकी एक ‘बापाचे नाव काढणारा’ ठरतो, दुसरा ‘वाया गेलेला’ ठरतो, आणि दोघेही आपापल्या जागी कैद होतात. नाव काढणाऱ्याला चुकण्याची मुभा नसते. वाया गेलेल्याने काही चांगले केले तरी कुणाला दिसत नाही. घरात रक्त सांडत नाही, शेजाऱ्यांना आरडाओरडा ऐकू जात नाही. त्यामुळे त्या बाईने माहेरी सांगितले तरी उत्तर मिळते, “मारत तर नाही ना? दारू तर पीत नाही ना? मग?”

आम्ही पुरुषाचे उदाहरण घेतले, कारण पुरुषसत्ता त्याचा मीपणा झाकून नेते. घरधन्याचा ताठा म्हणजे त्याचा स्वभाव आणि बाईचा ताठा म्हणजे तिचा दोष, अशी आपल्याकडची रीत आहे. पण सासू, आई, मोठी बहीण, शाळेतली मुख्याध्यापिका, कुणीही या जागी असू शकते.

हा मीपणा येतो कुठून? डॉक्टरांत यावर मतभेद आहेत. कोहूट म्हणतात, लहान मुलाला आई-बापाच्या डोळ्यांत स्वतःचे कौतुक दिसावे लागते. ते दिसले नाही तर माणूस जन्मभर आरसे शोधत फिरतो. कर्नबर्ग म्हणतात, आत दाबलेला संताप आणि मत्सर असतो आणि थोरवी हे त्यावरचे झाकण असते. त्यांचा वाद त्यांच्यापाशी. मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आमच्या घरांना उपयोगी आहे, असे आम्हाला वाटते. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी ७ ते ११ वयाच्या ५६५ मुलांची आणि त्यांच्या पालकांची सहा-सहा महिन्यांच्या अंतराने चार वेळा पाहणी केली. ‘आमचे मूल इतरांपेक्षा खास आहे, त्याला जास्त मिळाले पाहिजे’ असे मानणाऱ्या पालकांच्या मुलांत मीपणा वाढताना दिसला. ज्यांच्या पालकांनी नुसती माया केली, जवळ घेतले, त्या मुलांत स्वतःबद्दलचा आदर वाढला, मीपणा नाही.

आता आपल्या घरांकडे पाहा. घरातला पहिला मुलगा बारावीला चांगले गुण मिळवतो. आई-बापाने मजुरी करून त्याला शिकवलेले असते. अभिनंदनाचा फ्लेक्स चौकात लागतो, मिरवणूक निघते, आणि त्या दिवसापासून तो घरातला ‘साहेब’ होतो. त्याने पाण्याचा तांब्या स्वतः उचलायचा नसतो. त्याच्याहून जास्त गुण मिळवलेल्या बहिणीने मात्र त्याच संध्याकाळी पाहुण्यांची भांडी घासायची असतात. त्याला नोकरी लागते, तो शहरात फ्लॅट घेतो, आणि वस्तीतल्या नातेवाईकांचे फोन उचलायचे बंद करतो. मग आपणच म्हणतो, शिकलेली माणसे समाजाला विसरली! त्याला समाजापेक्षा मोठे कुणी केले? तो एका दिवसात विसरला नाही, वीस वर्षे त्याला विसरायला शिकवले होते.

इथे काही वाचकांच्या मनात राग आला असेल, आणि तो राग रास्त आहे. आमच्या माणसाने मान वर केली की ‘यांना माज आलाय’ असे म्हणणारे गावोगाव बसले आहेत. आमच्या आजोबाने नवे धोतर नेसले तर त्यांच्या पोटात दुखे. नवरदेव घोड्यावर बसला तर आजही काही राज्यांत दगड पडतात. मग या नव्या शब्दाने तेच जुने बोल आम्हाला ऐकवले जाणार का? म्हणूनच फरक स्पष्ट केला पाहिजे. शेकडो वर्षे या समाजासमोर एकच आरसा धरला गेला, आणि त्यात त्याला ‘तू हलका आहेस’ एवढेच दिसत होते. बाबासाहेबांनी तो आरसा फोडला. त्यांचा सूट, त्यांचा टाय, त्यांचे ग्रंथ, दादरचे राजगृह, यांत कोट्यवधी माणसांनी पहिल्यांदा स्वतःचा चेहरा माणसाचा चेहरा म्हणून पाहिला. त्याला मीपणा म्हणणारा एक तर अज्ञानी आहे किंवा लबाड.

बौद्ध विचाराने हा फरक फार आधी ओळखला आहे. दहा संयोजनांत, म्हणजे माणसाला जखडणाऱ्या बंधनांत, ‘मान’ हे आठवे बंधन आहे, आणि त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे, मी हीन आहे. वाचकांनी तिसऱ्यापाशी जरा थांबावे. ‘मी हीन आहे’ हाही मानच! कारण तिन्हींत माणूस दिवसरात्र स्वतःला तराजूत घालून बसलेला असतो. काल ज्याला हीन म्हणून बसवले तो आज श्रेष्ठ म्हणून बसला, तर तराजू तोच राहिला. दुसऱ्याची मान वर झालेली ज्याला बघवते तो स्वाभिमानी. ज्याला आपली मान वर आहे हे कळण्यासाठी कुणाची तरी मान खाली लागते, तो दुसऱ्या जातीचा रोगी. हे ‘दुसऱ्या जातीचा’ आम्ही सहज लिहून गेलो, पण ते बरोबरच आहे.

कारण मीपणा एकट्यादुकट्या माणसाचा नसतो, समूहाचाही असतो. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू विचारवंत एरिक फ्रॉम यांनी १९६४ साली यावर विस्ताराने लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याच्या आयुष्यात अभिमान बाळगावा असे फारसे काही नाही, त्याला आपल्या समूहाच्या थोरवीचा आधार सर्वांत स्वस्त पडतो. अमेरिकेच्या दक्षिणेतला गरीब गोरा घ्या. जमीन नाही, शिक्षण नाही, कर्ज डोक्यावर. पण तो काळा नाही, एवढी एक इस्टेट त्याच्यापाशी आहे. फ्रॉमच्याही आधी, १९३५ साली, डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी याला मनाला मिळणारी मजुरी म्हटले होते. याच द्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. २००९ साली आग्नेश्का गोलेत्स द झावाला या पोलिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सामूहिक मीपणा मोजण्याची पद्धत तयार केली. त्यांना असे आढळले की, असा समूह सतत आपल्या अपमानाच्या शोधात असतो आणि साध्या गोष्टीतही त्याला शत्रूचा कट दिसतो.

आपल्या देशात या मजुरीची पक्की व्यवस्थाच लावून ठेवलेली आहे. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. जवळजवळ प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे, त्यामुळे वरच्याची लाथ खाऊनही खालच्याला लाथ मारण्याचे सुख शिल्लक राहते. आणि ते सुख काढून घेतले तर काय होते? २० मार्च १९२७ रोजी महाडला आपले लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. नगरपालिकेने ते तळे आधीच सर्वांना खुले केलेले होते. कुणाच्या घरात कुणी शिरले नव्हते, कुणाचे काही हिरावले नव्हते. तरी ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी अफवा उठली आणि परत निघालेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. नंतर शेण-गोमूत्राच्या पंचगव्याचे १०८ घडे ओतून तळे शुद्ध केले गेले! ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती ते माणसाच्या ओंजळीने बाटले. पुढे हा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये आपल्या बाजूने निकाल लागला. दहा वर्षे माणसे कोर्टात भांडली, ती पाण्यासाठी नव्हे. ‘तुम्ही आमच्या बरोबरीचे नाही’ ही एक इस्टेट राखण्यासाठी.

हे धुण्याचे वेड किती जुने आहे पाहा. अट्ठकथेत विडूडभाची कथा आहे. कोसलचा राजा पसेनदी याने शाक्यांकडे मुलगी मागितली. शाक्यांना कुळाचा भारी ताठा. पसेनदीला मुलगी द्यायची नाही, पण त्याला नाही म्हणायची हिंमतही नाही. त्यांनी महानाम शाक्याला दासीपासून झालेली मुलगी राजकन्या म्हणून पाठवली. तिचा मुलगा विडूडभ मोठा झाल्यावर आजोळी कपिलवस्तूला आला. तो गेल्यावर तो बसला होता ते आसन एक दासी दुधापाण्याने धूत होती, दासीच्या पोराने बाटवले म्हणून. हे त्याच्या कानावर गेले. पुढे राजा झाल्यावर त्याने शाक्यांची कत्तल केली. खुद्द बुद्धाचे कुळ, आणि ते कुळाच्या मीपणापायी संपले, असे बौद्ध परंपराच सांगते; तिने आपल्या घरचे झाकून ठेवलेले नाही.

एक खुलासा मात्र केला पाहिजे. जातीच्या अत्याचाराला आम्ही मनोविकार म्हणून सवलत देत नाही. सप्टेंबर २००६ मध्ये खैरलांजीला जे झाले ते करणारे वेडे नव्हते. ते गुन्हेगार होते, आणि गुन्हेगारासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. समूहाचा मीपणा हे त्यांच्या क्रौर्याचे कारण असेल, त्याची माफी नव्हे. आणि ही उतरंड आमच्याही मनात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकाच गावाच्या कडेला दोन वस्त्या, दोघींना गावाने सारखेच बाहेर ठेवलेले, आणि तरी एकमेकींच्या घरी सोयरीक नाही. त्या दोन वस्त्यांना कुठली थोरवी सांभाळायची आहे?

आता चळवळीकडे येऊ. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले मेमोरियल हॉलमध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांचे भाषण झाले. त्यात त्यांनी गांधी आणि जीना या दोघांच्या प्रचंड अहंकारावर नेमके बोट ठेवले. स्वतःचे वर्चस्व हेच ज्यांना सर्वस्व आहे अशा दोन माणसांमुळे देशाचे राजकारण कसे खोळंबले, हे त्यांनी सांगितले आणि विभूतिपूजेचा समाचार घेतला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी पुन्हा तोच इशारा दिला. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे भाषण आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. दुसऱ्यांच्या नेत्यांना लावताना ते आपल्याला चटकन आठवते. पण बाबासाहेबांनी त्यातून ‘आमचे नेते सोडून’ असे कुठे म्हटले आहे?

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि दोन-तीन वर्षांतच फुटू लागला. १९७२ साली दलित पँथर आली, १९७४ साली फुटली. १९९८ साली रिपब्लिकन ऐक्याने चमत्कार केला; चार खासदार, तेही खुल्या मतदारसंघांतून, लोकसभेत गेले. पुढच्याच वर्षी निवडणूक आली तेव्हा ते ऐक्य उरले नव्हते. या प्रत्येक फुटीमागे धोरणाचे खरे प्रश्न होते, प्रस्थापित पक्षांचे डाव होते; सगळा दोष मीपणावर टाकणे हा आळशीपणा ठरेल. पण सभेत आपले नाव तिसरे पुकारले म्हणून उठून गेलेली माणसे, फ्लेक्सवर आपला फोटो दुसऱ्यापेक्षा लहान छापला म्हणून वेगळी जयंती काढणारे मंडळ, ‘मी नसेन तर संघटनाही नको’ म्हणून खातेवही घरी नेणारा अध्यक्ष, हे कोणत्या धोरणात बसते? आमच्या मते यात नेत्याइतकाच दोष त्याच्या भोवतालच्या प्रतिध्वनींचा आहे. नेता जे बोलेल त्याचे शेवटचे शब्द मोठ्याने पुन्हा म्हणणारी पोरे, ‘साहेब, तुमच्यासारखे कुणी बोललेच नाही’ म्हणणारा जवळचा माणूस. ज्याने एकदा हिशेब विचारला तो पुढच्या बैठकीला बोलावला जात नाही. चार-सहा वर्षांत नेत्याच्या आसपास माणूस उरत नाही, नुसते तळ्याचे पाणी उरते. आणि खरे काम करणारा कार्यकर्ता? तो भांडत नाही. मुलीच्या शाळेचे कारण सांगून तो हळूहळू यायचा बंद होतो.

विनयपिटकातला एक प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे सहा राजकुळातले तरुण संघात यायला निघाले. सोबत उपाली न्हावी होता. ते बुद्धाला म्हणाले, आम्ही शाक्य फार ताठर आहोत. आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे तो आम्हाला ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा ताठा मोडेल. तसेच झाले. पुढे उपाली विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला. पण देवदत्तही त्या सहांत होता. त्यानेही न्हाव्यापुढे मान वाकवली होती, आणि नंतर त्यानेच संघाचे नेतृत्व मागितले, ते मिळाले नाही तेव्हा संघ फोडला. एकदाच वाकून भागत नाही, हे संघाला कळले असावे. भिक्खूंनी दर पंधरवड्याला एकत्र बसून आपले दोष सांगण्याची प्रथा संघात होती. आपल्या मंडळांत पंधरवड्याला नको, वर्षातून एकदा तरी अध्यक्षाला त्याच्या तोंडावर चूक सांगण्याची सोय आहे का? अध्यक्षपद दोन वर्षांनी बदलते का? वर्गणीचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लागतो का? आणि त्या मंडळात सही करण्यापुरती नव्हे, बोलणारी बाई आहे का?

घराचे मात्र फळ्यावर भागत नाही. या विकाराची एक अडचण अशी की, ज्याला तो असतो तो सहसा डॉक्टरकडे जात नाही, कारण त्याच्या लेखी बिघाड समोरच्यात असतो. गेलाच तर दीर्घकाळच्या समुपदेशनाने काहींच्या वागण्यात फरक पडतो. खास या विकारावरची अशी गोळी नाही. डॉक्टरच्या दारात येते ती त्याची बायको, झोप लागत नाही, छातीत धडधडते, अशी तक्रार घेऊन. तिला कुणी विचारत नाही की घरात काय चालले आहे. या बहिणींना सांगायचे ते असे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि त्यात हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. टोमणे, अपमान, शिव्या, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणे, तुमचा पगार किंवा तुमची वस्तू काढून घेणे, हे सगळे त्या कायद्याच्या व्याख्येत येते. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांसाठी १८१ हा फोन आहे. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर आहे, ती २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीतही बोलते. आदल्या रात्री काय बोलले गेले ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे, आणि ती वही घरात न ठेवता विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवावी. सकाळी ‘मी असं बोललोच नाही’ म्हटले गेले की, आपले डोके ठिकाणावर आहे हे त्या वहीवरून कळेल. आणि पुढे संरक्षण अधिकाऱ्यासमोर बसायची वेळ आली तर तीच वही सोबत नेता येईल.